हाताचे पैसे

तालुक्याच्या गावी ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय होतं. तिथले सर्जन मोठे हुशार, हातही हलका. खाजगी प्रॅक्टिस करायची नाही म्हणून सरकार त्यांना पगारासोबत व्यवसायरोध भत्ता देई. साहेब भत्ताही घेत आणि संध्याकाळी बाजारपेठेत मेडिकलच्या मागच्या खोलीत पेशंटही तपासत.

एक मजूर बाई नवऱ्याचा हर्निया दाखवायला ओपीडीत आली. साहेब म्हणाले, "ऑपरेशन लागेल. पण सध्या भूल देणारे डॉक्टर नाहीत. दोन महिन्यांनी या."

बाहेर येताच वॉर्डातला मामा कानाशी लागला, "मावशी, संध्याकाळी साहेबांना खोलीवर भेटा. लगेच होईल."

खोलीवर १२ हजार ठरले. बाईनं गाभण शेळी विकली, कानातली फुलं मोडली. रविवारी रात्री ऑपरेशन झालं. थिएटर सरकारी, सिस्टर सरकारी, टाक्यांचा दोरा सरकारी, जनरेटरमधलं डिझेलसुद्धा सरकारी. भूल देणारे डॉक्टरही वेळेवर हजर! रजिस्टरात नोंद पडली : 'तातडीची शस्त्रक्रिया'.

घरी सोडायच्या दिवशी बाईच्या सातवीतल्या मुलीनं दवाखान्याचा कागद वाचला. शुल्काच्या रकान्यात शून्य होतं. १५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारी दवाखान्यात उपचार मोफत, असा फलक दाराशीच लागलेला. तोही तिनं आईला वाचून दाखवला.

साहेब राउंडला आले तेव्हा बाई पुढे झाली. "साहेब, कागदावर शून्य आहे. मग माझे १२ हजार कशाचे?"

साहेब आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, ते माझ्या हाताचे."

"हाताचा पगार तर सरकार देतंय. दिवसा जो हात आम्हाला नाही म्हणाला, तोच रात्री पैसे घेऊन चालला होय?"

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. "माझे ८ हजार घेतले." पलीकडून कुणी म्हणालं, "आमचे १०."

त्याच दुपारी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे अर्ज गेला. अक्षर मुलीचं, अंगठे अख्ख्या वॉर्डाचे. चौकशी लागणार हे कळताच साहेबांनी घरोघर माणूस धाडून पैसे परत केले. बाईची शेळी मात्र तोवर कापली गेली होती.

बोध : कसब आपलं असलं, तरी लोकांच्या पैशांवर उभं असलेलं लोकांनाच विकणं ही चोरीच. आणि चोरीचे पैसे परत दिले, तरी झालेलं नुकसान भरून निघत नाही.