बॅटरीखालच्या सहा पिना

'वन फॉर ऑल' नावानं विकल्या गेलेल्या बऱ्याच जुन्या युनिव्हर्सल रिमोटचं मागचं झाकण काढलं की सेलच्या खोबणीत सहा पिना दिसतात. काही मॉडेलांत नुसती सहा भोकं. पिना आपण डाग देऊन बसवायच्या. सर्किट बोर्डावर त्या जागी 'जेपी१' असं छापलेलं असे, तेच नाव रूढ झालं. कंपनीनं ही सोय स्वतःच्या कामासाठी ठेवलेली, ग्राहकाच्या माहितीपुस्तिकेत तिचा पत्ता नाही. अमेरिकेतल्या काही हौशी मंडळींनी साधी केबल बनवून त्या पिना संगणकाच्या प्रिंटर पोर्टला जोडल्या. रिमोटची मेमरी त्यातून वाचता येते आणि बदलताही येते असं दिसल्यावर त्यांनी त्यासाठी सॉफ्टवेअर लिहिलं आणि फुकट वाटलं. कंपनीच्या यादीत नसलेली यंत्रं त्या रिमोटवर चालू लागली. एक बटण दाबलं की टीव्ही, बॉक्स आणि ठरलेलं चॅनल ओळीनं लागेल, अशी व्यवस्था स्वस्तातल्या रिमोटवरही बसवता येऊ लागली. ज्याची नजर अधू आहे किंवा बोटं थरथरतात, त्याच्यासाठी ही चैन नाही. त्या एका बटणामुळे संध्याकाळच्या बातम्या लावायला कुणाला हाक मारावी लागत नाही.

रिमोट मी विकत घेतला, त्याबरोबर पिनाही आल्या. त्या वापर असं कुणी सांगितलेलं नाही, वापरू नको असंही नाही. मग ही मुभा आली कुठून?

मौन हीच संमती, असं म्हणून मोकळं होता येतं. मला ते उत्तर तकलादू वाटतं. शेजाऱ्याच्या परसातून आपण वर्षानुवर्षं ये-जा करतो, तो काही बोलत नाही. एक दिवस तो कुंपण घालतो आणि आपल्याला तक्रारीला जागा उरत नाही. संमती दिलेली असते तशी काढूनही घेता येते. माझा हक्क कंपनीच्या गप्प बसण्यावर उभा असेल, तर कंपनी तोंड उघडेल त्या दिवशी माझा रिमोट अर्धाच माझा राहील.

हा वाद अमेरिकेत एकदा कोर्टात गेला. रिमोट गॅरेजच्या दाराचा होता. चेंबरलेन कंपनीची दारं उघडणारा युनिव्हर्सल रिमोट स्कायलिंक विकत होती आणि चेंबरलेननं १९९८च्या डिजिटल कॉपीराइट कायद्याचा आधार घेऊन दावा लावला. खालच्या कोर्टानं जवळजवळ मौनाचाच मुद्दा धरला: अमुकच रिमोट वापरा अशी अट ग्राहकाला घातलेली नव्हती, म्हणजे परवानगी होतीच. २००४ मध्ये अपील कोर्टानं निकाल तोच ठेवला, पण पाया बदलला. विकत घेतलेल्या यंत्रातलं सॉफ्टवेअर वापरायचा अधिकार ग्राहकाला कायदाच देतो, असं ते म्हणालं. तो उत्पादकाच्या कृपेवर सोडलेला नाही. निकालापेक्षा मला हा पाया मोलाचा वाटतो.

अगत्यानं दिलेल्या केबलची गोष्ट वेगळीच. रिमोट संगणकाला जोडण्याची कल्पना तशी जुनी. स्टीव्ह वॉझ्नियाकच्या १९८७च्या 'कोअर' रिमोटमध्येही ती होती. पुढे लॉजिटेकच्या 'हार्मनी'बरोबर रीतसर यूएसबी केबल मिळू लागली. जोडायची, खातं उघडायचं, आपली यंत्रं सांगायची. बाकीचं सगळं कंपनीचा सर्व्हर जुळवून देणार. फार सोयीचं. एप्रिल २०२१ मध्ये कंपनीनं हार्मनीचं उत्पादन थांबवल्याचं जाहीर केलं. सेवा चालू राहील असं आश्वासनही दिलं, पण ग्राहकाच्या हातात उरलं ते आश्वासनच. ज्या रिमोटनं मालकाला कधी या म्हटलं नाही तो आज पूर्णपणे मालकाचा आहे, आणि ज्यानं दार उघडून स्वागत केलं त्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात. नव्या मॉडेलात पिना ठेवायच्या की नाही हे कंपनीनं खुशाल ठरवावं. विकलेल्या वस्तूतली विद्या आपल्याकडे ठेवून घेणं मात्र मला अर्धवट विक्री वाटते. घर विकून जिना भाड्यानं द्यावा तशी.

पण इथे एक अडचण आहे आणि ती कंपनीची नाही. घरात केबल जोडणारा माणूस बहुधा एकच असतो. लाल बटण दोनदा दाबलं की काय होतं, हे त्यालाच ठाऊक. तो नोकरीसाठी परगावी गेला, की त्या अधू नजरेच्या माणसाच्या दृष्टीनं रिमोट पुन्हा परकाच. आवाज गेला तर विचारायचं कुणाला? स्वतःच्या घरात आपणही माहितीपुस्तिका न देणारी कंपनी होऊन बसतो, आणि हक्काच्या गप्पा मारणाऱ्यांना हे सहसा सुचत नाही. निदान बटणांची यादी ठळक अक्षरात लिहून टीव्हीमागे चिकटवावी, मेमरीची फाइल घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्यावी, आणि केबल कुठल्या खणात आहे ते सांगून जावं.