गळतं एकीकडं

आमच्या हसनाबादची मोसंबी राजूरमार्गे जालन्याच्या मोंढ्यात न्यायची, त्यासाठी मी एक जुनी पिकअप घेतली. चालवायला भावकीतलंच एक पोरगं ठेवलं. पहिल्याच पावसाळ्यात मागच्या डाव्या चाकातून ऑइल गळायला लागलं. मिस्तरीनं ऑइल सील बदललं. महिना झाला नाही तोच पुन्हा गळती. दुसऱ्यांदा सील टाकलं आणि त्याचे पैसे मी पोराच्या पगारातून कापले. "खड्ड्यातून गाडी आदळतोस, सील टिकंल कसं?" असं चारचौघांत बोललोही. ते काहीच बोललं नाही.

अंगारकी आली. राजूरच्या गणपतीला पायी निघालेल्या माणसांनी रस्ता भरलेला. पोरानं ब्रेक दाबला तर गाडी उजवीकडं ओढली. त्यानं कसंबसं चाक वळवून गाडी कडंच्या चारीत घातली. माणसं वाचली, कॅरेटं सांडली. मी पोचलो आणि आधी मोसंबी मोजली. हे आठवलं की आजही मान खाली जाते. ते एवढंच म्हणालं, "काका, ब्रेक एका बाजूला ओढतो, मी आठ दिस झाले सांगू राह्यलो."

तिथून ओळखीच्या एका चाचाकडं गाडी नेली. चाचानं आधी ड्रम उघडला. आतलं ऑइल बोटावर घेऊन हुंगलं. उग्र वास आला, म्हणजे गिअर ऑइल, ब्रेकचं नव्हे. लायनर ऑइलनं भिजून गेले होते. "हे धुऊन भागत नाही, बदलाच," चाचा म्हणाला. मग शाफ्ट हातानं हलवून बघितला, बेअरिंगला खेळ नव्हता. सील जिथं बसतं तिथं शाफ्टवर नख फिरवलं, चर पडलेली नव्हती. ऑइलची पातळीही बरोबर होती. मग चाचा पलीकडं गेला. उजव्या चाकालाही ओल दिसत होती.

"एक बाजू गळली तर तिथंच बघावं. दोन्ही गळायला लागल्या तर मधी बघावं," म्हणत चाचा गाडीखाली सरकला. हाउसिंगच्या माथ्यावर ब्रीदर म्हणून एक बारीक टोपी असते. ती चिखलानं गच्च बसलेली. सैल करताच फुस्स करून हवा सुटली.

गाडी चालली की हाउसिंग तापतं, आतली हवा फुगते. तिला वरून वाट नसली की ती ऑइलला ढकलते, आणि ऑइल सगळ्यात नरम जागेतून, म्हणजे सीलमधून, बाहेर येतं. सील कितीही नवं टाका, कोंडलेली हवा त्याला टिकू देत नाही. चाचानं ब्रीदर साफ केला, दोन्ही सील आणि लायनर बदलले. गळती थांबली. जाताना चाचा म्हणाला, "अन् माल जरा कमी भरा. हाउसिंग वाकलं तर ब्रीदर साफ करून काही व्हायचं नाही." जादा कॅरेटं भरायला मीच सांगत होतो.

मला ब्रीदर ठाऊक नव्हता, हे खरं. न कळण्यात माणसाचा दोष किती? मी यावर बरेच दिवस विचार केला. यंत्रातलं सगळं कुणाला कळत नाही, त्यात पाप नाही. पण न बघताच दोष कुणावर टाकायचा हे मी आधीच ठरवलं होतं. सीलवर, नाहीतर पोरावर. दोघंही उलटून बोलत नव्हते, म्हणून ते सोपं गेलं. आणि ज्याला खरं माहीत होतं, ते आठ दिवस सांगत होतं, त्याचं ऐकायचं मला सुचलं नाही.

कापलेले पैसे मी त्याला परत दिले. ते घ्यायला तयार नव्हतं, "राहू द्या काका" म्हणालं. मग जिथं त्याला बोललो होतो, त्याच पारावर, त्याच माणसांपुढं, "चूक माझी होती" असं सांगितलं. पैसे देण्यापेक्षा ते जड गेलं. त्यानंतर पैसे मात्र त्यानं घेतले.

आता घरात कुणी चिडचिड करायला लागलं, की मी एकदम त्याच्यावर धावून जात नाही. आधी बघतो, याचा श्वास कुठं कोंडलाय का.