आधी कान, मग गळा

पेटी बंद करा. तबल्यावर गवसणी घाला आणि सगळे खाली बसा. गाणं पुरे झालं, आता माझं ऐका.

चाळीस जणांच्या समूहगानाला आज सव्वीस जण आलात. उरलेल्यांचा निरोप काय, तर ‘बाई, आमचं गाणं पाठ आहे.’ अरे, शब्द पाठ झाले म्हणजे समूहगान आलं का? तालमीला यायचं ते शब्दांसाठी नाही, एकमेकांसाठी.

मघाशी काय झालं ते आठवा. पट्टी दिली होती काळी चार. केरवा संथ सुरू झाला. दुसऱ्या कडव्यात टाळवाल्याचा हात पळायला लागला, त्याच्यामागे तबला धावला आणि तबल्यामागे पुढची रांग. मागच्या रांगेला काही कळलंच नाही, कारण ती ओरडत होती. प्रत्येकाला स्वतःचाच आवाज वर काढायचा होता. शेवटी समेवर तीन रांगा तीन वेळी आल्या.

आणि लांब सुरावर सगळ्यांचा दम एकदमच का तुटतो? किती वेळा सांगितलं, शेजारी श्वास घेईल तेव्हा आपण सूर धरायचा. आपण श्वास घेऊ तेव्हा तो धरेल. मग ऐकणाऱ्याला सूर अखंड वाटतो. मोबाईलवर ट्रॅक लावून एकट्यानं गाताना हे शिकता येत नाही. ट्रॅक तुमच्यावर विसंबून नसतो. शेजारचा मुलगा असतो.

‘दहावी आहे, गाणं बंद’ अशी चिठ्ठी ज्यांच्या घरून आली, त्यांनी माझा निरोप घरी द्यावा. आठवड्यातल्या दोन तासांनी दहावी बुडत नाही. पण ऐन वेळी एक जण उठून गेला की त्याच्या भरवशावर गाणारे दोघं-तिघं उघडे पडतात.

उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी १९१८च्या सुमारास मैहरमध्ये अनाथ मुलं गोळा करून वाद्यवृंद उभा केला. बंदुकीच्या नळ्यांपासून नलतरंग घडवलं आणि त्या मुलांच्या हाती दिलं. रविशंकर, अली अकबर, अन्नपूर्णादेवी ज्यांच्यापाशी शिकले, ते हे गुरू. एकट्यानं मैफल जिंकणारे शिष्य घडवणाऱ्या माणसाला, पोरांनी एकत्र वाजवावं यासाठी झिजावंसं वाटलं. तुम्हाला शाळेत पेटी आहे, तबला आहे, शिकवायला मी आहे. आणि तुम्हाला वेळेवर यायचा कंटाळा येतो!

उद्या सकाळी सात वाजता चाळीसच्या चाळीस जण इथे हवेत. पहिली दहा मिनिटं कोणी तोंड उघडायचं नाही, नुसता पेटीचा सा ऐकायचा. मग गायचं. आणि गाताना ज्याला शेजाऱ्याचा आवाज ऐकू येणार नाही, त्यानं आपला आवाज खाली आणायचा.