न दिसणारी गाठ

एक दृश्य डोळ्यांसमोर आणूया. रात्रीची वेळ आहे. टेबलावरच्या दिव्याखाली शिडाच्या लाकडी जहाजाची प्रतिकृती ठेवली आहे. ती बनवणारा माणूस मेणावरून ओढलेला बारीक दोरा चिमट्यात धरून, अर्ध्या बोटाएवढ्या तोफेला दोर बांधत आहे. प्रत्येक तोफेला मागून एक जाड दोर आणि दोन्ही बाजूंना कप्प्यांचे दोर. एका तोफेला चार कप्प्या, प्रत्येक कप्पी तांदळाच्या दाण्याहूनही लहान. अशा अठ्ठावीस तोफा आहेत, म्हणजे एकशे बारा कप्प्या.

हे जहाज आहे एचएमएस ट्रिंकोमाली. मूळ जहाज आपल्या मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील जमशेटजी बमनजी यांनी मलबारी सागवानात बांधले आणि १८१७ साली ते पाण्यात उतरले. त्याच्या मुख्य तोफा ज्या मजल्यावर आहेत, त्याचा मधला भाग वरून उघडा असतो. पुढचा आणि मागचा भाग मात्र वरच्या डेकखाली झाकला जातो. म्हणून प्रतिकृती पूर्ण झाल्यावर मधल्या तोफांचे दोर दिसतात. बाकीच्यांचे कोणालाही, कधीही दिसणार नाहीत.

आता प्रश्न असा : त्या झाकल्या जाणाऱ्या तोफांनाही दोर बांधावेत का?

प्रश्न खेळण्यातला वाटेल, पण तो आपल्या रोजच्या जगण्याचा आहे. कपाटामागचा केर काढावा का? कोणी तपासणार नाही तो हिशेब पुन्हा एकदा पाहावा का? घरात एकटे असताना म्हटलेल्या प्रार्थनेतही मन तितकेच असावे का?

खऱ्या जहाजावर या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. अठरा पौंडी तोफेचे वजन सुमारे दोन टन. ती उडाली की त्याच जोराने मागे उसळते. मागचा दोर कच्चा असेल, तर हलत्या डेकवर सुटलेली ती तोफ आपल्याच माणसांना चिरडील. तिथे प्रत्येक गाठीवर कोणाचा तरी जीव अवलंबून होता. प्रतिकृतीतली तोफ कधीच उडणार नाही. गाठ सुटली तरी कोणाचे काही बिघडणार नाही. भय नाही, फायदा नाही, कौतुकही नाही. ही सगळी कारणे गळून पडल्यावर चांगले काम करण्याचे काही कारण उरते का?

आपल्याकडे लगेच उत्तर येते, ‘देव पाहतो आहे.’ भाव उत्तम आहे. पण थोडे थांबून पाहा. देव पाहतो म्हणून मी नीट काम केले, तर मी अजूनही कोणाच्या तरी नजरेसाठीच काम करत आहे. प्रेक्षक बदलला, मनाची सवय तीच राहिली. संतांनी ईश्वराला अंतर्यामी म्हटले आहे. तो बाहेर उभा राहून आपली परीक्षा घेणारा निरीक्षक नाही. गाठ बांधणाऱ्या हातात जी जाणीव जागी आहे, ती त्याचीच आहे. म्हणून ‘कोण पाहील?’ याऐवजी ‘हे करताना मी कोण होत आहे?’ असे विचारावे. प्रत्येक काम दोन ठिकाणी घडते : एक वस्तूत आणि एक आपल्या अंतःकरणात. वस्तूतले डेकखाली झाकले जाते, अंतःकरणातले आपल्यासोबत येते.

ट्रिंकोमालीच्या जन्माशी एक सुंदर प्रथा जोडलेली आहे. जहाजाचा तळाचा कणा बसवताना पारशी परंपरेप्रमाणे त्यात चांदीचा खिळा ठोकण्यात आला. कणा जहाजाच्या अगदी तळाशी, कायम पाण्याखाली असतो. दोनशे वर्षांनंतर आज ते जहाज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगत आहे. ते तरले ते सागवानाच्या गुणाने आणि कारागिरांच्या कौशल्याने. पण बांधणीचा आरंभच न दिसणाऱ्या जागी काही मौल्यवान अर्पण करून व्हावा, ही दृष्टी आपण जपावी अशी आहे.

मात्र इथे एक धोका आहे आणि साधकाला तो लवकर गाठतो. समजा, तोच माणूस रात्री अकरा वाजता झाकल्या जाणाऱ्या तोफेची गाठ बांधत बसला आहे. आतल्या खोलीतून वृद्ध आई पाणी मागते. तो म्हणतो, ‘थांब गं, एवढी एक गाठ होऊ दे.’ ती पुन्हा हाक मारते. तो चिडतो. आता ती गाठ कितीही सुबक असली, तरी ती साधना राहिली नाही, आसक्ती झाली. ‘न दिसणारेही मी इतके नेटके करतो’ हा अभिमानसुद्धा डेकखालीच लपलेला असतो. म्हणून परीक्षा दोन आहेत. कोणी पाहत नसताना हात तितकाच प्रामाणिक राहतो का? आणि हाक आली की चिमटा सहज खाली ठेवता येतो का? दुसरी परीक्षा पहिलीहून कठीण आहे.

हेही स्पष्ट सांगायला हवे की झाकलेल्या तोफांना दोर न बांधणे हे पाप नाही. अनेक चांगले कारागीर ते बांधत नाहीत आणि तसे मोकळेपणाने सांगतात. वेळ मर्यादित आहे, काय सोडायचे हे ठरवणे हाही विवेकच. दोष आहे तो न केलेले केले म्हणून मिरवण्यात आणि हाती घेतलेले अर्ध्या मनाने करून ‘कोणाला कळते!’ असे स्वतःला समजावण्यात.

त्या दोराकडे एकदा पुन्हा पाहूया. तोफ जहाजाला घट्ट जखडून टाकली, तर धक्क्याने जहाजाची बाजूच फाटेल. मोकळी सोडली, तर ती विनाश करील. म्हणून दोराची लांबी मोजून ठेवतात : तोफ मागे यावी, तिचे तोंड आत यावे म्हणजे पुन्हा भरता येईल, आणि तिथेच ती थांबावी. संयम म्हणजे नेमके हेच. क्रोधाला जखडायचे नाही, मोकळेही सोडायचे नाही. त्याला मागे येण्यापुरती जागा द्यायची आणि ठरलेल्या जागी थांबवायचे. शस्त्राच्या प्रतिकृतीवर इतके श्रम का घ्यावेत, असे कोणी विचारील. त्याला हे एक उत्तर देता येईल : त्यावर बांधली जाणारी प्रत्येक गाठ ही शक्तीला आवर घालणारी गाठ आहे.

या आठवड्यात एक छोटा प्रयोग करून पाहा. रोज एक काम असे निवडा, जे कोणाला दिसणार नाही. ते पूर्ण मनाने करा आणि कोणालाही सांगू नका. मध्येच कोणी हाक मारली, तर ते हसत खाली ठेवून उठा. रात्री झोपण्यापूर्वी क्षणभर शांत बसून पाहा, यांपैकी कोणते अधिक जड गेले. आपली पुढची साधना तिथूनच सुरू होते.