पद ही अमानत

सप्टेंबर 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले. खातेदाराला स्वतःच्या ठेवीतून आरंभी केवळ 1,000 रुपये काढता येत होते. एकाच बांधकाम समूहाची कर्जे 21,000 हून अधिक बनावट खात्यांमागे दडविल्याचे तपासात आढळले. त्या वर्षअखेरीस 100 कोटी व त्याहून अधिक ठेवींच्या नागरी सहकारी बँकांना स्वतंत्र व्यवस्थापन मंडळ नेमण्यास सांगण्यात आले.

व्याजाचा प्रश्न येथे बाजूला ठेवू. प्रश्न अमानतीचा आहे. नवे मंडळ आवश्यकच होते. परंतु मंडळ समोर आलेला कागद पाहते. कागदच खोटा असेल तर? खोटी नोंद सांगणारा एक असतो, लिहिणारा दुसरा. ‘साहेबांनी सांगितले’ हे उत्तर कचेरीत चालेल, अल्लाहसमोर नाही.

हजरत अबू जर (रजि.) यांनी पद मागितले, तेव्हा प्रेषितांनी (स.) बजावले की पद ही अमानत आहे, तिचा हक्क न पाळणाऱ्यास ती कियामतच्या दिवशी पश्चात्ताप ठरेल. नियम अधिकार वाटून देतो, जाब मात्र प्रत्येकाला एकट्यानेच द्यावा लागतो. म्हणून उमरग्यातील पतसंस्थेचा लिपिक असो वा मस्जिदीचा विश्वस्त, खोट्या कागदावर सही नाकारणे हे त्याच्या पदाचे पहिले कर्तव्य होय.