फलत्याग आणि फिटरचे काम

गीतेचा कर्मयोग वाचताना संसारी मनुष्याच्या मनात एक शंका हटकून उत्पन्न होते. फळाची इच्छा सोडावयाची, तर काम साधले की बिघडले याची चिंता तरी कशासाठी वाहावयाची? या शंकेचा आश्रय घेऊन कित्येकजण आपल्या ढिलाईलाच वैराग्य म्हणू लागतात. 'आपण केले, पुढे ईश्वरेच्छा' असे म्हणून ते मोकळे होतात. एखाद्या कारागिराच्या कामाकडे बारकाईने पाहिले, तर या शंकेचे निरसन लवकर होते.

दिल्लीच्या दक्षिणेस असलेले फरीदाबाद आज कारखान्यांचे शहर म्हणून प्रसिद्ध आहे. फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांची वसाहत १९४९ पासून तेथे उभी राहू लागली. त्यांतील पुष्कळजण पूर्वीचे व्यापारी व दुकानदार होते; तरीही घरे आणि रस्ते बांधण्याचे काम त्यांनी स्वतःच्या हातांनी केले. युद्धाची भरपाई म्हणून जर्मनीकडून मिळालेले एक डिझेल वीजकेंद्र कोलकात्यात पडून होते. ते तेथे आणून जोडण्यात आले आणि १९५१ मध्ये गावाला वीज मिळाली. सुटे भाग पुन्हा एकत्र आणून त्यांत प्राण भरावा, तसेच ते काम होते. अशी जोडणी तेथील कारखान्यांतून आजही नित्य चालते. मात्र तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

तेल वाहून नेणाऱ्या चक्राकार पंपाचे उदाहरण घ्यावे. त्याच्या कवचात दोन दंतचक्रे एकमेकांत गुंतून फिरतात. दात आणि कवच यांमधील पोकळीत सापडलेले तेल कडेकडेने नेले जाते व दुसऱ्या बाजूने बाहेर ढकलले जाते. चक्र आणि कवच यांतील फट अतिशय सूक्ष्म राखलेली असते. ती वाढली तर तेल मागे परतते व दाब उतरतो; ती उरलीच नाही तर धातू धातूला घासतो. झाकणाखालच्या गॅस्केटची जाडी चुकली, एवढ्यानेही हा तोल बिघडतो.

म्हणून असा पंप जोडणाऱ्या फिटरला पुष्कळ पथ्ये पाळावी लागतात. खोलतानाच प्रत्येक भागावर खूण करावी. पुसताना चिंधीचा एक धागाही आत राहू देऊ नये. झाकणाचे बोल्ट समोरासमोरच्या जोडीने, थोडेथोडे आवळावे. शाफ्ट हाताने फिरवून तो कोठे अडत नाही, याची खात्री करावी. आत तेल भरल्याशिवाय पंप सुरू करू नये, कारण कोरडा पंप स्वतःच्याच घर्षणाने झिजतो. बाहेरच्या वाटेवरील झडप बंद ठेवून तो चालवू नये, कारण दाब वाढत जातो आणि जादा दाब सोडणारी झडप निकामी असेल तर काहीतरी फुटते. आणि हात आत घालण्यापूर्वी वीज तोडलेली असावी. येथे आळस केला तर बोटे जातात.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. ते तिन्ही या एकाच कामात आढळतात. तामस कर्ता आजचे तेल उद्यावर ढकलतो आणि परिणाम, हानी, दुसऱ्याला होणारी इजा व आपले सामर्थ्य यांचा विचार न करता पाना हाती घेतो. राजस कर्ता चपळ असतो. पण त्याचे चित्त शाबासकीकडे, बढतीकडे किंवा बोलणी बसतील या भयाकडे लागलेले असते. सात्त्विक कर्ता धीराने व उत्साहाने काम करतो आणि यशापयशाने डळमळत नाही.

या तिघांची खरी परीक्षा एका प्रसंगी होते. झाकण बसले आहे, पाळी संपत आली आहे, वरिष्ठ वाट पाहत आहेत. आणि शाफ्ट फिरवताना आत काहीतरी किंचित अडते. बाहेरून कोणालाही हे कळणार नाही. तामस कर्त्याला ते जाणवतच नाही. राजस कर्त्याला जाणवते, परंतु कौतुक हातचे जाईल म्हणून तो गप्प राहतो. 'पुन्हा उघडावे लागेल' हे शब्द ज्याला निर्भयपणे उच्चारता येतात, त्यानेच फळाचा त्याग केला आहे. त्याने सोडले ते स्वतःच्या वाट्याला येणारे मान, धन आणि दोष यांचे ओझे. पंप नीट चालावा, ही तर त्या कर्माची स्वतःचीच मागणी आहे. ती सोडणे म्हणजे कर्मच सोडणे होय. सर्व करूनही पंप बिघडलाच, तर तो खचत नाही. पाना पुन्हा हाती घेतो.

देखभालीला शेवट नसतो. तेल पुन्हा मळते, बेअरिंग पुन्हा झिजते. तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी ज्या यज्ञचक्राचा निर्देश केला आहे, तेही असेच प्रत्येकाने आपापल्या हाताने फिरते ठेवावे लागते. घरातील वृद्धांची शुश्रूषा, मुलांचा अभ्यास, विहिरीची स्वच्छता, हिशोबाची चोख नोंद ही कामेही केली की संपली असे होत नाही, आणि त्यांची वाहवाही कोणी करीत नाही. अशा कामात काही अडते आहे असे हाताला जाणवेल, तेव्हा झाकण पुन्हा उघडण्याचे धैर्य गृहस्थाने ईश्वराजवळ मागावे.