ज्ञान, लज्जा आणि संमती

सांगली जिल्ह्यातील कुंडलचा डोंगर हे दिगंबर जैनांचे पुरातन तीर्थक्षेत्र. झरी पार्श्वनाथ आणि गिरी पार्श्वनाथ यांच्या दर्शनासाठी तेथे दूरदूरचे भाविक येतात. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात कुंभोजजवळ भगवान बाहुबलींची २८ फूट उंचीची मूर्ती उभी आहे. तिच्या अंगावर वस्त्राचा धागाही नाही. तरीही आयाबाया लेकरांना घेऊन तिच्यापुढे हात जोडतात आणि कोणाच्याही मनाला ती अश्लील वाटत नाही. उलट अंगभर वस्त्र नेसलेल्या स्त्रीचे एखादे जाहिरातीतले चित्र हीन वाटू शकते. तेव्हा नग्नता आणि अश्लीलता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या भागातील माणसाला निराळे शिकवावे लागत नाही.

हाच जुना प्रश्न आज नव्या रूपात घरोघरी आला आहे. १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया हा मुक्त ज्ञानकोश सुरू झाला. १ मे २००३ रोजी त्याची मराठी आवृत्ती निघाली. कोणीही लिहावे, कोणीही दुरुस्त करावे, चित्रे घालावीत, अशी त्याची रीत. शाळेतला मुलगा प्रकल्पासाठी तोच उघडतो. या कोशाचा एक नियम असा की, कोणाच्या भावना दुखावतात एवढ्याच कारणाने मजकूर किंवा चित्र काढावयाचे नाही. त्यामुळे शरीर आणि लैंगिक जीवन यांविषयीच्या लेखांत, विशेषतः इंग्रजी आवृत्तीत, अगदी उघडी चित्रेही आढळतात. ज्ञानाच्या नावाखाली हे चालावे काय?

या प्रश्नावरून त्या मंडळींतही मोठा वाद झाला. मे २०१० मध्ये संस्थापकांपैकी एक असलेल्या जिमी वेल्स यांनी चित्रांच्या सामाईक भांडारातून कित्येक लैंगिक चित्रे स्वतःच काढून टाकली. त्यांत जुन्या चित्रकारांच्या कलाकृतीही गेल्या. स्वयंसेवकांनी तीव्र आक्षेप घेतला, अनेक चित्रे परत आली आणि वेल्स यांनी आपले काही विशेष अधिकार सोडून दिले. २०११ साली वाचकाला नको ती चित्रे झाकता यावीत अशा चाळणीविषयी मत घेण्यात आले. सुमारे २४ हजार लोकांनी त्यात भाग घेतला. जर्मन मंडळींचा विरोध विशेष कडवा होता. अखेर २०१२ साली ती योजना बाजूला ठेवण्यात आली.

मोकळेपणाचा आग्रह धरणाऱ्यांना एकदम अनीतिमान ठरविणे बरे नव्हे. र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते चालविले. त्याच्या मुखपृष्ठावर नग्न चित्रे असत. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते आणि तरीही दंड झालाच. कर्व्यांची सारी मते आपल्याला मान्य होणारी नाहीत; संततिनियमनाच्या कृत्रिम साधनांविषयी ख्रिस्तसभेची शिकवण वेगळी आहे. परंतु शरीराविषयी अज्ञान म्हणजे पावित्र्य नव्हे, हे त्यांचे म्हणणे नाकारता येत नाही. लाजेपायी स्तनातील गाठ कोणाला दाखविली नाही आणि आजार हाताबाहेर गेला, अशा स्त्रिया आपल्या समाजातही झाल्या आहेत.

ख्रिस्तसभेचा इतिहासही याच वळणाने गेला आहे. मायकेलएंजेलोने १५४१ साली सिस्टिन चॅपेलमधील ‘अंतिम न्याय’ हे भित्तिचित्र पुरे केले. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर, १५६५ साली, त्यातील नग्न देहांवर वस्त्रे रंगविण्यात आली. पुढेही त्यांत भर पडली. चित्राची स्वच्छता पूर्ण झाली तेव्हा नंतर चढविलेली काही वस्त्रे उतरविण्यात आली आणि ८ एप्रिल १९९४ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्या चॅपेलला मानवी देहाच्या ईशज्ञानाचे मंदिर म्हणून गौरविले. देह हे परमेश्वराचे काम आहे. त्याकडे पाहणे हेच पाप असे आपण मानत नाही.

मग अडचण कोठे आहे? माझ्या मते ती चित्र आणि छायाचित्र यांतील भेदात आहे. पाषाणातील बाहुबली किंवा भिंतीवरील देह यांना घर नाही, नातेवाईक नाहीत, उद्याची लाज नाही. छायाचित्रात मात्र कोणीतरी असते. ती कोणाची तरी मुलगी असते. चित्र कोशात घालणारा एक असतो आणि चित्रातील व्यक्ती दुसरी असू शकते. मुक्त परवान्याखाली दिलेले चित्र पुढे जगभर नकलले जाते. मूळ चित्र पुसले तरी नकला राहतात. विश्वासाने एकांतात काढू दिलेले चित्र असे चव्हाट्यावर आले, तर त्या व्यक्तीला ते आयुष्यभर परत घेता येत नाही.

आपला कायदाही दोन्ही बाजू पाहतो. विज्ञान, कला किंवा विद्या यांच्या हितासाठी केलेल्या प्रकाशनाला अश्लीलतेच्या कलमात सूट आहे. भारतीय न्याय संहितेतही ती कायम राहिली. परंतु संमतीवाचून कोणाच्या खासगी अवयवांचे चित्र काढणे किंवा प्रसिद्ध करणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ई कलमाखाली गुन्हा आहे. विकिपीडियामागील संस्थेनेही २०११ साली, खासगी ठिकाणी काढलेल्या ओळखता येणाऱ्या व्यक्तींच्या चित्रांना संमतीचा आधार असावा, असा ठराव केला.

यावरून एक कसोटी लावता येईल. साध्या रेखाचित्रापेक्षा छायाचित्र कोणते अधिक ज्ञान देते? त्वचेच्या रोगात रंग आणि पोत समजावा लागतो. तेथे रुग्णाच्या संमतीने घेतलेले छायाचित्र आवश्यक आहे. परंतु लैंगिक क्रियेच्या लेखात रेखाचित्र जे सांगते, त्यापलीकडे छायाचित्र ज्ञानाची भर घालीत नाही. भर पडते ती केवळ एका जिवंत माणसाची. ज्ञानासाठी ज्याची गरज नाही, ते माणूस खर्ची घालून का मिळवावे?

सरसकट चाळणी मला योग्य वाटत नाही. कोणते चित्र आक्षेपार्ह हे कोणीतरी ठरवावे लागेल, आणि परदेशी बसलेला कोणी बाहुबलींचे चित्रही त्याच पेटीत टाकील. मात्र वाचकाने जे शोधले नाही ते अवचित त्याच्यापुढे उभे राहू नये, एवढी अपेक्षा रास्त आहे. शरीरशास्त्राचे चित्र शरीरशास्त्राच्या लेखात असावे. भलत्या ठिकाणी नसावे.

शेजारच्या सातारा जिल्ह्यात वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोश आकाराला आला. तेथे काय छापावे याची जबाबदारी संपादकाची होती. मुक्त कोशात ती थोडी थोडी प्रत्येकाकडे येते. प्रत्येक लेखाला चर्चेचे पान असते. आपल्या सुशिक्षित तरुणांनी तेथे जाऊन नुसता संताप व्यक्त करण्यापेक्षा शांतपणे विचारावे: हे चित्र कशासाठी, आणि यातील व्यक्तीने संमती दिली आहे काय? आईवडिलांनाही आपली जबाबदारी यंत्रावर टाकता येणार नाही. घरात ज्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, तो प्रश्न घेऊन मूल मोबाइलकडे जाते. शरीराविषयीचे पहिले शब्द त्याने आईच्या किंवा वडिलांच्या तोंडून ऐकावेत.

उत्पत्तीच्या पुस्तकात, एदेन बागेतून बाहेर पाठविण्यापूर्वी परमेश्वराने आदाम आणि हव्वा यांच्यासाठी चामड्याची वस्त्रे करून त्यांना घातली, असे आपण वाचतो. त्यांचा देह त्याला ओंगळ वाटला म्हणून नव्हे; ती दोघे उघड्या जगात निघाली होती आणि त्याला त्यांची काळजी होती. छायाचित्रातील अनोळखी व्यक्तीविषयी आपल्याला तेवढी काळजी वाटली, तर काय ठेवावे आणि काय काढावे याचा निर्णय करणे पुष्कळ सोपे जाईल.